उंच ग्लासात जास्त

जिनिव्हा, ३ जानेवारी १९५२, गुरुवार

प्रोफेसर दुवानेल म्हणाले, "निरीक्षकाच्या भावना नोंदीत येता कामा नयेत. त्या वेगळ्या वहीत लिहाव्यात आणि ती वही जाळून टाकावी." सल्ल्याचा पहिला अर्धा भाग आजपासून पाळतो आहे.

निळी वही आमच्या बालमानसशास्त्र संस्थेची. तिच्यात माझ्या मुलीचं, आलीनचं, वय लिहायचं. आज सहा वर्षं, चार महिने, चोवीस दिवस. त्याखाली ती जे बोलेल ते शब्दन् शब्द.

प्रोफेसरांच्या सिद्धांतानुसार मूल पाच पायऱ्या चढून माणूस होतं. तिसऱ्या पायरीवर ते डोळ्यांवर विसंबतं, चौथीवर बुद्धीवर. सरबत बुटक्या ग्लासातून उंच, अरुंद ग्लासात ओतलं की तिसऱ्या पायरीवरचं मूल म्हणतं, जास्त झालं. चौथीवरचं म्हणतं, तेवढंच आहे. ही पायरी शिकवून चढवता येत नाही. मूल एके दिवशी आपोआप चढतं. त्या वेळी समोर कुणीतरी वही घेऊन बसलेलं असावं लागतं.

जूनमध्ये संस्थेत कायम साहाय्यकाची जागा भरायची आहे. अट एकच: एका मुलाची चौथ्या पायरीपर्यंतची अखंड नोंद. उमेदवार दोन. मी आणि ग्रोक्लोद. त्याची मुलगी युगेत आलीनच्याच वर्गात आहे. शिवाय त्याला एक तान्हा मुलगा आहे, म्हणजे दारूगोळा शिल्लक आहे.

आज आलीन म्हणाली, "उंचात जास्त." मग तिने दोन्ही ग्लासांतलं सरबत पिऊन टाकलं. पुरावा उरत नाही, ही आमच्या शास्त्राची अडचण आहे.

१७ जानेवारी, गुरुवार

गुरुवारी शाळांना सुट्टी असते, म्हणून प्रयोग गुरुवारी. सकाळी आम्ही दोघं ट्रामने संस्थेत जातो. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, हिरव्या पडद्याची. पद्धत कडक आहे. चाळीस मिनिटं मुलावरून नजर हलवायची नाही. त्याचं बोलणं तोडायचं नाही. ते काहीही बोललं तरी हसायचं नाही, चूक म्हणायचं नाही. फक्त विचारायचं, "असं तुला का वाटतं?" आणि उत्तर संपेपर्यंत थांबायचं.

आज उत्तर संपायला अकरा मिनिटं लागली. त्यात सरोवरातले हंस, युगेतचे नवे बूट आणि सूर्य दुपारी कुठे जेवतो, हे सगळं आलं. सगळं लिहून घेतलं. सरबताविषयी: "उंचात जास्त."

घरी परतल्यावर तिने एक चित्र दाखवायला आणलं. मी नोंदी साफ करत होतो. नंतर बघतो म्हटलं.

३१ जानेवारी

संस्थेत तीन पंथ आहेत. वरच्या मजल्यावर आम्ही, पायऱ्यावाले. तळमजल्यावर सवयवाले. त्यांच्या मते मूल म्हणजे सवयींचं गाठोडं. ते मुलांना चॉकलेटं देऊन शिकवतात, त्यामुळे त्यांच्याकडे मुलांची रांग असते. रस्त्यापलीकडे डॉक्टर मंडळी. त्यांच्या मते सगळ्याचं मूळ आईचं दूध. आमच्या उपाहारगृहात तिन्ही पंथ एकच पांचट सूप पितात आणि एकमेकांची मुलं कशी बिघडली ते सांगतात.

प्रोफेसर दुवानेलना तीन मुलं. तिन्ही सिद्धांताबरहुकूम वाढली. ठरल्या महिन्यात ठरली पायरी. छापील तक्त्यात आहेत. आता मोठी झाली. एकही पत्र पाठवत नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

ग्रोक्लोद जिन्यात भेटला. हातात मिठाईचा पुडा.

"घे, घे. युगेत चढली."

"कधी?"

"आज सकाळी. सहा वर्षं पाच महिने. मी ओतलं आणि ती म्हणते कशी, 'पपा, तेवढंच तर आहे.' अरे, मला रडूच आलं."

"तुला? निरीक्षकाला?"

"वेगळ्या वहीत रडलो."

मिठाई घेतली. बदामाची होती. ग्रोक्लोदने युगेतला चॉकलेटचा मोठा तुकडा दिला, शाबासकी दिली आणि ग्लास बांधून कपाटात ठेवले. पुढच्या गुरुवारपासून तान्ह्यावर काम सुरू. त्याच्या मते आलीनचंही लवकरच होईल. लवकरच हा शब्द त्याने ज्या सुरात उच्चारला तो सूर निळ्या वहीत लिहिता येणार नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

ट्राममधलं संभाषण.

आलीन: "युगेत आज येणार नाही ना?"

मी: "नाही. तिचं काम संपलं."

"मग ती गुरुवारी काय करते?"

"घरी असते. आईला मदत करत असेल."

"तिचे पपा?"

"ते बाळाबरोबर."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग: "आणखी किती गुरुवार आहेत, पपा?"

"तू चौथ्या पायरीवर जाईपर्यंत."

नोंद: संख्येविषयी कुतूहल वाढतं आहे. चांगलं लक्षण.

संस्थेत: "उंचात जास्त." मी उंच ग्लास भरण्याआधीच म्हणाली. विश्वास अढळ.

६ मार्च, गुरुवार

उंचात जास्त.

२० मार्च, गुरुवार

उंचात जास्त. आज मी विचारांत होतो, ओतायचं विसरलो. तिनेच आठवण करून दिली. "पपा, आता उंच ग्लास."

२३ मार्च, रविवार

जे लिहायला नको ते इथे लिहितो. तिच्या वर्गातल्या एकवीस मुलांपैकी सोळा चढली. माझ्या बायकोनेच, नोएमीने, सांगितलं. ती शिशुशाळेत शिकवते आणि शिक्षकांच्या खोलीत तिला सगळं कळतं. आलीन सातला आली. माझी मुलगी मंद तर नाही?

स्वयंपाक चालू असताना नोएमीला हळूच विचारलं. ती बटाट्यात लीकची पात ढवळत होती. चमचा तसाच धरून माझ्याकडे वळली.

"काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"मंद असं नाही. विलंब. शास्त्रीय अर्थाने विलंब."

"काल तुझ्या मुलीने मला बुटांच्या दुकानात हिशेब करणाऱ्या बाईची चूक दाखवली. अशास्त्रीय अर्थाने."

"हिशेब ही वेगळी क्षमता आहे."

"माझ्यासमोर रोज तीस मुलं असतात, आर्मां. तुझ्या पायऱ्यांवर एकही उभं राहत नाही. पळतात सगळी. मंद कोण आहे ते मला विचारू नकोस, मी सांगून बसेन."

सॉसेज करपलं. आलीनने दोन वेळा वाढून घेतलं.

१० एप्रिल, गुरुवार

ईस्टरच्या सुट्टीसाठी उद्या आलीन आजीकडे रिवाझला जाणार. सासूबाई तिथे द्राक्षमळ्यांच्या उतारावर वाईनचा गुत्ता चालवतात. गुत्ता हा शब्द नोएमीला आवडत नाही. ती खाणावळ म्हणते. तिथे खायला चीज मिळतं, तेही शिळं.

म्हणजे पुढचा गुरुवार बुडणार. आलीनने स्वतःहून विचारलं, "मग तो गुरुवार नंतर भरून काढायचा ना?"

असा शिस्तप्रिय प्रयोगविषय कोणत्याच पंथाकडे नसेल.

८ मे, गुरुवार

उंचात जास्त. वय सहा वर्षं, आठ महिने, अठ्ठावीस दिवस. प्रोफेसरांनी निळी वही चाळली. "सुंदर तिसरी पायरी आहे, क्वांदे. नमुनेदार. पण मला तिसरी नको आहे."

२५ मे, रविवार. रिवाझ

हे नीट, क्रमाने लिहायला हवं.

बऱ्याच रविवारी येतो तसे आम्ही तिघं सकाळच्या गाडीने सासूबाईंकडे आलो. दुपारी मला स्वयंपाकघरात कोशिंबिरीचा पाला धुवायला बसवलं. जावयाला एवढंच जमतं अशी घरची समजूत आहे. स्वयंपाकघर आणि गुत्ता यांच्यात एक फुलाफुलांचा पडदा. पलीकडे रविवारची गिऱ्हाइकं.

इथे वाईन डेसीच्या, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागाच्या, मापाने देतात. मापाच्या भांड्यातून गिऱ्हाइकासमोर ग्लासात ओततात. सासूबाईंकडे चार पिढ्यांचे ग्लास आहेत, एकासारखा दुसरा नाही. त्यामुळे भांडणं रोजची.

पोस्टमन शापुईचा आवाज आला. "ए पोरी, मागच्या रविवारी माझा ग्लास काठोकाठ होता. आज अर्ध्यावर. आजी लुबाडते की तू?"

आणि मग माझ्या मुलीचा आवाज. इतका करडा की आधी ओळखू आला नाही.

"मागच्या रविवारी बारीक ग्लास होता. आज जाडा आहे. तीन डेसी म्हणजे तीन डेसी."

"मला तर कमी दिसतंय बुवा."

"दिसू दे. दिसल्याने कमी होत नाही."

"आणि ओतताना सांडली असेल तर?"

"कुठे सांडली दाखवा. नाही ना? हवं तर परत भांड्यात ओतून दाखवते. भांडं तिथपर्यंतच भरेल. पण मग तुम्ही घोट घेतलाय तेवढी कमी भरेल, ते माझ्या नावावर लावायचं नाही."

पाला माझ्या हातातून पाण्यात पडला. ही चौथी पायरी होती. उलट ओतून दाखवण्याचा युक्तिवाद, तोही न विचारता! आणि ती घोटाची अट तर पाचव्या पायरीवरची. मी तसाच ओल्या हातांनी पडदा सारून बाहेर गेलो.

"आलीन, हे बघ, या ग्लासात आणि या ग्लासात..."

तिने मला पाहिलं. मग शापुईच्या ग्लासाकडे पाहिलं. मग शेजारच्या उंच ग्लासाकडे. खांदे पडले, आवाज बारीक झाला.

"उंचात जास्त, पपा."

शापुईने टेबलावर मूठ आपटली. "बघा! मी काय सांगत होतो! स्वतः म्हणाली!"

सगळा गुत्ता हसला. सासूबाई काउंटरमागून म्हणाल्या, "जावईबापू, ती वर्षभर माझ्याकडे माप ओततेय. एक थेंब इकडचा तिकडे नाही. आणि पायऱ्या मोजायच्या असतील तर या शापुईला बसवा तुमच्या खोलीत. साठी उलटली, अजून उंच ग्लासच मागतो."

"मादाम, वर्षभर? मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही इथे येता आणि पाला धुता."

परतीच्या गाडीत आलीन नोएमीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी गृहीतकं लिहून काढली. एक, थकवा. दोन, वाईनचा वास. तीन, बुद्धीचे दोन स्वतंत्र जिने: एक व्यवहाराचा, एक प्रयोगाचा. तिसरं गृहीतक मला फार आवडलं. त्यावर एक प्रबंध उभा राहील.

नोएमीला वाचून दाखवलं.

"तुला खरंच कळत नाहीये?"

"तुझं गृहीतक सांग. मी लिहून घेतो."

"नाही सांगणार. शिकवून उपयोग नाही, आपोआप कळावं लागतं. तुमच्याच पुस्तकात आहे."

२७ मे

प्रोफेसरांना सांगितलं. ते म्हणाले, "गुत्त्यातलं निरीक्षण ग्राह्य नाही. भांडी प्रमाणित नव्हती."

"पण युक्तिवाद, प्रोफेसर..."

"क्वांदे, तुमच्या हातात काय होतं?"

"पाला."

"वही नव्हती."

वही नव्हती, हे खरं आहे.

पण त्यांनी वाट काढली. १९ जूनच्या गुरुवारी निवड समितीचे दोन सभासद येणार आहेत. त्यांच्यासमोर आलीनचा प्रयोग करावा. ती तिथे चढली तर साक्षीदारांसह नोंद होईल, आणि अशी नोंद ग्रोक्लोदकडेही नाही. जागा माझी.

मला आता शंका नाही. तिला येतं. संस्थेतला जिना आणि गुत्त्यातला जिना एकदा जोडून दिला की झालं.

५ जून, गुरुवार

उंचात जास्त. चिंता नाही.

१५ जून, रविवार

आज तिच्याशी मोकळेपणी बोललो. पद्धतीत बसत नाही, म्हणून इथेच लिहितो. आम्ही दोघं सरोवराकाठी बाकावर होतो. तिने हंसांना पाव टाकला, मी मुद्द्यावर आलो.

"आलीन, येत्या गुरुवारी काही पाहुणे येणार आहेत. तुला मनातून जे खरं वाटतं तेच सांगायचं. आजीकडे सांगतेस तसं."

"का?"

"तू बरोबर सांगितलंस तर पपांना मोठी जागा मिळेल. मोठी खोली. चार खिडक्या."

"आणि हिरवा पडदा?"

"तो जुन्या खोलीत राहील. नव्या खोलीत मी एकाच वेळी पुष्कळ मुलांबरोबर काम करीन. वीस. कदाचित तीसही."

"कोणती मुलं?"

"शाळांमधली."

"कधी येतील ती?"

"गुरुवारी. गुरुवारीच सुट्टी असते ना."

ती पावाचा तुकडा चुरत राहिली. एक हंस पार तिच्या बुटांशी आला तरी तिने टाकला नाही.

"आणि मी?"

"तुझं काम संपेल! ग्लास नाहीत, प्रश्न नाहीत. युगेतसारखी घरी खेळायला मोकळी. आणि चॉकलेट. ग्रोक्लोदने दिलं त्याहून मोठं."

"बरं," ती म्हणाली.

तिला सगळं समजलं असं वाटलं. इतक्या शांतपणे ऐकत होती. घरी येऊन नोएमीला सांगितलं की बोलणं फार छान झालं. काय बोललास ते तिने विचारलं. मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. परीक्षेच्या आधी घरातल्यांनाच जास्त ताण येतो.

१९ जून, गुरुवार

समितीचे दोघं भिंतीशी बसले. एक लठ्ठ, एक झोपाळू. प्रोफेसर दुवानेल खिडकीपाशी उभे. ग्रोक्लोद दारात, नुसताच आलोय म्हणून. आलीनला नोएमीने निळा फ्रॉक घातला होता. वय सहा वर्षं, दहा महिने, नऊ दिवस.

मी दोन बुटके ग्लास सारखे भरले. तिने मान डोलावली, सारखे. एकातलं सरबत उंच ग्लासात ओतलं. थेंबही सांडला नाही.

"आता कसं आहे, आलीन? दोन्हीकडे तेवढंच, की एकीकडे जास्त?"

तिने ग्लासांकडे फार थोडा वेळ पाहिलं. माझ्याकडे फार जास्त.

"उंचात जास्त."

लठ्ठ सभासदाने घड्याळ पाहिलं. प्रोफेसर स्वतः पुढे आले. त्यांना मी कधी इतक्या मृदू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"बाळ, नीट बघ हं. आपण काही घातलं का आत? काही काढलं का बाहेर?"

"नाही, मेस्यू."

"मग?"

खोलीतल्या प्रत्येक माणसाने तिला उत्तर दाखवून दिलं होतं. दारातला ग्रोक्लोदसुद्धा नकळत मान हलवत होता. दोन्ही हातांनी तिने खुर्चीची कड धरली.

"उंचात जास्त, मेस्यू. दिसतंय ना."

"तिसरी," प्रोफेसर समितीकडे वळून म्हणाले. "शुद्ध तिसरी. अजून वर्षभर तरी, क्वांदे." मग सगळे ग्रोक्लोदच्या वह्या बघायला गेले. झोपाळू सभासद जाताना तिच्या डोक्यावर थोपटून म्हणाला, "होईल हो, होईल."

ग्लास मी विसळले. आम्ही दोघं जिना उतरून ट्रामच्या थांब्यावर आलो. ऊन होतं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि ते तिला कळू नये म्हणून मी वेळापत्रक वाचत होतो.

"पपा, मोठी खोली नाही मिळाली?"

"नाही."

"चार खिडक्यांची?"

"ग्रोक्लोदला मिळाली."

"ती वीस मुलंपण?"

"तीपण."

तिने थोडा विचार केला. मग माझ्या कोटाच्या खिशात हात घातला, जिथे माझा हात होता.

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"थोडं."

"मलापण थोडं." मग खाली बुटांकडे बघत: "प्रोफेसरांना खरंच वाटलं, पपा."

"काय वाटलं?"

"की मला येत नाही."

इथे विचारायचं असतं, "असं तुला का वाटतं?" आणि उत्तर संपेपर्यंत थांबायचं असतं. मी विचारलं नाही. ट्राम आली. ती गेली. दुसरी आली, तीही जाऊ दिली. आलीन हंसांविषयी काहीतरी सांगत होती, आणि मी तिच्याकडे बघत होतो. वेळ मोजला नाही, पण चाळीस मिनिटांहून जास्त असावा.

संध्याकाळी निळ्या वहीत आजची नोंद केली. शाईने.

सहा वर्षं, दहा महिने, नऊ दिवस. तिसरी पायरी. निरीक्षण थांबवावं असं काहीही आढळलं नाही.